पोत्यावरची चिठ्ठी आणि गोठ्यातला काटा: जनावरांच्या आहाराचा हिशेब असा मांडा

आमच्या गोठ्यात आढ्याला स्प्रिंगचा एक काटा टांगलाय, पन्नास किलोपर्यंत वजन दाखवणारा. घासाचा बिंडा असो नाहीतर पेंडीची बादली, काट्याला लागल्याशिवाय काही गव्हाणीत जात नाही. धाकटी जाऊ नवीन नवीन विचारायची, "अक्का, पेंड किती पाट्या टाकू?" त्याच पाटीत सरकी पेंड भरली तर एक वजन आणि गव्हाचा भुसा भरला तर जेमतेम निम्मं, हे तिला काट्यावर अडकवून दाखवलं. तेव्हापासून ती किलोत बोलायला लागली.

आमचं गाव सांगोला तालुक्यात. तीन संकरित गाई, दोन पंढरपुरी म्हशी, मामंजींच्या हौसेची एक खिलार आणि चार उस्मानाबादी शेळ्या. पंधरा वर्षं धार मीच काढते. बचत गटातल्या बायका पेंडीच्या पोत्याला शिवलेली चिठ्ठी फाडून आणतात आणि विचारतात, यातलं नेमकं काय बघायचं? त्यांना तोंडी सांगते तेच इथे लिहितेय. प्रथिनं, तंतू, टीडीएन हे शब्द पाठ करून काही होत नाही. प्रत्येक शब्दावरून गव्हाणीत काहीतरी कमी किंवा जास्त पडलं पाहिजे, तरच तो शब्द कामाचा.

आधी जनावराचं वजन

सगळा हिशेब जनावराच्या वजनावर उभा असतो आणि गाय काही काट्याला टांगता येत नाही. मग सुतळी घ्या. शिंप्याची टेप साठ इंचांची असते, ती मोठ्या गाईला पुरत नाही; सुतळी गुंडाळायची, गाठ मारून खूण करायची आणि मग ती टेपवर मोजायची. गाय सपाट जागेवर चारी पायांवर सरळ उभी करा. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्या. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीजवळ बाहेर आलेल्या हाडापर्यंत लांबी घ्या. दोन्ही मापं इंचात. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. येईल ते किलोत वजन.

आमच्या चांदीचा घेर ६८ इंच, लांबी ५७. अडुसष्टला अडुसष्टने गुणलं की ४,६२४. त्याला ५७ ने गुणलं की २,६३,५६८. भागिले ६६०, म्हणजे ३९९. चांदी ४०० किलोची. मोजमाप सकाळी वैरण-पाण्याआधी करा, भरल्या पोटी घेर फुगतो. चार-पाच टक्क्यांची चूक राहते, पण गोठ्याच्या कामाला तेवढं चालतं.

कोरड्यात मोजायला शिका

मला सगळ्यात उशिरा कळलेली आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच. घासाच्या बिंड्यात घास थोडा आणि पाणी जास्त. कोवळ्या हत्तीघासाच्या शंभर किलोत ८० किलो तर पाणीच असतं. पाण्याला वजन आहे, पोषण नाही. ते बाजूला काढून जे उरतं त्याला पुस्तकात शुष्क पदार्थ म्हणतात, डॉक्टर ड्राय मॅटर म्हणतात. आम्ही कोरडा अंश म्हणतो.

घरी बघायचं असेल तर असं करा. कुट्टी केलेला घास बरोबर एक किलो मोजा, जुन्या साडीवर पातळ पसरा आणि उन्हात दोन-तीन दिवस, मुठीत दाबल्यावर कडकड मोडेपर्यंत वाळवा. परत मोजा. आमचा फुले जयवंत जातीचा हत्तीघास एका किलोचा २१० ग्रॅम झाला होता. उन्हात वाळलेल्यातही दहाएक टक्के ओल राहतेच, म्हणजे खरा कोरडा अंश १९० ग्रॅम, शेकडा १९. मका, लसूणघास वीसच्या आसपास, उसाचं वाढं पंचवीस-तीस, चांगला मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, तीस-पस्तीस. कडबा आणि पेंड दोन्ही नव्वद.

आता गरज. देशी गाईला शंभर किलो वजनामागे दिवसाला दोन ते अडीच किलो कोरडा अंश लागतो. संकरित गाईला आणि म्हशीला अडीच ते तीन. चांदी दुधात आहे, तिला तीन धरले तर १२ किलो.

आता एक गोठा बघा, असे आमच्याकडे घरोघरी आहेत. गाईला सकाळ-संध्याकाळ मिळून २५ किलो हिरवा घास पडतो, मालक म्हणतो, पोट भरून घातलंय. पंचवीस किलोत कोरडा अंश पाच किलो. गाईला हवा बारा. नुसत्या हिरव्यावर बारा भरायचा म्हटलं तर साठ किलो घास कापावा लागेल. गाय रात्री दावणीला ओरडते, खुंटा चाटते, आणि आपण म्हणतो हिला कितीही घाला, पुरतच नाही.

या बारा किलोची वाटणी साधी आहे. दोन भाग वैरण, एक भाग खुराक. वैरण म्हणजे घास, कडबा, वाढं, मुरघास. खुराक म्हणजे पेंड, भरडा, चुणी, भुसा, आत्याबाईंच्या भाषेत आंबोण. चांदीच्या वाट्याला आठ किलो वैरण आणि चार किलो खुराक, दोन्ही कोरड्या हिशेबात.

चिठ्ठीवरचे शब्द

पोत्याच्या तोंडाला शिवलेली चिठ्ठी फेकू नका. माझ्यासमोर आत्ता एक आहे: कच्ची प्रथिने किमान २० टक्के, कच्चे स्निग्ध किमान २.५, कच्चे तंतू कमाल १२, ओलावा कमाल ११, आम्लात न विरघळणारी राख कमाल ४. किमान आणि कमाल हे दोन शब्द आधी वाचा. प्रथिनं निदान एवढी असलीच पाहिजेत, तंतू नि राख यापेक्षा जास्त नकोत, असा त्याचा अर्थ.

प्रथिनांच्या आधी "कच्ची" का लागतं? प्रयोगशाळेत प्रथिन थेट मोजत नाहीत, त्यातला नत्र मोजतात. ही रीत डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये काढली आणि अजून तीच चालते. प्रथिनात शंभरात सरासरी १६ भाग नत्र असतो, म्हणून मोजलेल्या नत्राला ६.२५ ने गुणतात आणि येणाऱ्या आकड्याला कच्ची प्रथिने म्हणतात. आता युरिया घ्या. त्यात ४६ टक्के नत्र. म्हणजे एक किलो युरिया कागदावर पावणेतीन किलोपेक्षा जास्त प्रथिनं दाखवतो, आणि त्यात खरं प्रथिन शून्य. खुराकात युरिया शेकडा एकपर्यंत असेल तर मोठ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव त्यातून प्रथिन घडवू शकतात. त्यापुढे तो विष आहे, आणि सहा महिन्यांच्या आतल्या वासराला तर अजिबात नको. म्हणून ज्या पोत्यावर प्रथिनं भरपूर आणि भाव फार कमी, तिथे मी थांबते. मूठभर पेंड कोमट पाण्यात कालवून झाकून ठेवते. झाकण काढल्यावर नाकाला झोंबणारा वास आला तर ते पोतं परत जातं.

आम्लात न विरघळणारी राख म्हणजे सोप्या भाषेत वाळू-माती. हीसुद्धा घरी दिसते. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, चमचाभर पेंड टाका, ढवळा, दहा मिनिटं थांबा. भुसा वर तरंगतो, भरडा मध्ये राहतो, आणि तळाला जे बोटाला करकरतं ती तुम्ही पेंडीच्या भावाने घेतलेली वाळू. एका वर्षी एका ठिकाणच्या पोत्यात तळाला बोटभर जाड थर बसला होता. त्या दिवसापासून पेला गोठ्यातल्या फळीवरच ठेवलाय.

ओलाव्याचा संबंध बुरशीशी. पावसाळ्यात शेंगदाणा पेंडीवर हिरवट-काळपट बुरशी धरते, त्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते जनावराचं यकृत खराब करतं आणि दुधातही उतरतं. दूध उकळून ते जात नाही. बुरशीचा भाग खरवडून उरलेली पेंड घालू नका. जीव तुटतो, पण पूर्ण फेकायची. पोती फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा.

तंतू: फॅट उतरलं तेव्हा

संकलन केंद्रावर गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) धरून ठरतो, त्याखाली गेलं की कापतात. सहा वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आमचं फॅट ३.८ वरून पंधरा दिवसांत २.९ वर आलं. मी घाबरले, आणि घाबरून जे करायला नको होतं तेच केलं: पेंड वाढवली. दिवसाला पाच किलो होती ती आठ केली. कडबा महागला होता म्हणून तो कमी केला, आणि कुट्टी मशीनला नवीन पाती लावली होती तिने कडब्याचं पीठच व्हायला लागलं. दूध लिटरभर वाढलं, फॅट आणखी घसरलं, शेण पातळ झालं आणि त्यावर बुडबुडे यायला लागले.

डॉक्टर आले तेव्हा त्यांनी गाईला हात लावण्याआधी नुसतं उभं राहून बघितलं. पाच मिनिटांनी म्हणाले, "ताई, यातली एकही रवंथ करत नाहीये." मला ते दिसलंच नव्हतं.

त्याचं कारण असं. गाईच्या पोटाचा पहिला आणि सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. त्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. आपण गाईला खाऊ घालतो ते खरं तर आधी त्यांना. ते कडब्या-घासातला तंतू आंबवून ॲसिटिक आम्ल करतात, आणि त्या आम्लातून कासेत दुधाचं फॅट तयार होतं. पेंड आणि भरडा पटकन आंबतात, त्यातून वेगळी आम्लं जास्त होतात आणि कोठीपोट आंबट पडतं. आंबटपणा मारायला लाळ लागते. लाळेत खाण्याच्या सोड्याचाच अंश असतो, आणि मोठी गाय दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ गिळते. पण ती सुटते चघळताना. जे चघळायला लागत नाही, पीठच आहे, त्याला लाळ कुठून येणार? ॲसिटिक आम्ल कमी म्हणजे फॅट कमी, आणि कोठीपोट फारच आंबट पडलं तर खाणंच सुटतं.

डॉक्टरांनी औषध थोडंच दिलं. पेंड परत पाचवर आणायला सांगितली, कुट्टी बोटाच्या एका पेराएवढी ठेवायला आणि सकाळी पेंडीआधी कडबा टाकायला सांगितलं. तीन आठवडे लागले फॅट ३.७ वर यायला.

तेव्हापासून रात्री झोपायच्या आधी मी कंदील नसला तरी मोबाईलचा उजेड घेऊन गोठ्यात जाते. बसलेल्या गाईंपैकी निम्म्या तरी रवंथ करत असल्या पाहिजेत. एकीच्या जबड्याकडे बघून मोजते: घास वर येतो, ती चावते, गिळते. एका घासाला पन्नास-साठ चावे म्हणजे ठीक. चाळीसच्या खाली आले तर दुसऱ्या दिवशी कुट्टी हातात घेऊन बघते. याला पैसा लागत नाही आणि यातून जेवढं कळतं तेवढं चिठ्ठीवरच्या तंतूच्या आकड्यातून कळत नाही. त्या आकड्यावरून पेंडीत भुसा-टरफल किती घुसडलंय एवढंच समजतं, वैरण किती लांब घालायची ते समजत नाही.

ऊर्जा, म्हणजे टीडीएन

टीडीएन हा शब्द सल्ल्याच्या कागदांवर असतो: एकूण पचणारे पोषक घटक. प्रथिनं, तंतू, पिष्ट यातला पचणारा भाग एकत्र करतात आणि स्निग्धाला सव्वादोनने गुणून त्यात मिळवतात, कारण तेवढ्याच वजनात स्निग्ध सव्वादोनपट ऊर्जा देतं. कडब्याचा टीडीएन पन्नासच्या आसपास, चांगल्या खुराकाचा सत्तरच्या जवळ. ऊर्जा कमी पडल्याचं चिठ्ठी सांगत नाही, गाय सांगते. व्यायल्यावर दूध झपाट्याने वाढतं आणि भूक मागून येते. त्या दीड-दोन महिन्यांत गाय अंगावरची चरबी वितळवून दूध देते. बरगड्या किती दिसतात ते दर आठवड्याला बघा. शेवटच्या दोन-तीन दिसल्या तर चालतं. सगळ्या मोजता आल्या तर मका वाढवायचा, सरकी नाही. आमच्याकडे दूध कमी झालं की सगळे सरकी पेंड वाढवतात. पण तेव्हा बऱ्याचदा गाईला प्रथिन पुरत असतं, ऊर्जा पुरत नसते.

चांदीचा पूर्ण दिवस

चांदी १२ लिटर देते. तिचा आहार असा: हत्तीघास २० किलो, त्यात कोरडा अंश ४. लसूणघास ५ किलो, कोरडा अंश १. मालदांडी ज्वारीचा कडबा साडेतीन किलो, कोरडा अंश तीनच्या थोडा वर. झाली आठ किलो वैरण. खुराकाला आमच्याकडचा जुना ठोकताळा आहे: शरीर पोसायला दीड ते दोन किलो आणि वर गाईच्या लिटरमागे ४०० ग्रॅम, म्हशीच्या लिटरमागे ५०० ग्रॅम. म्हशीला जास्त का, तर तिच्या दुधात फॅट जवळपास दुप्पट. चांदीला चांगला हिरवा चारा आहे, शरीरपोषण त्यातच भागतं, म्हणून शरीरापुरता खुराक वगळते. बारा लिटरला ४.८ किलो. कोरड्यात ४.३. एकूण बारा-साडेबारा. उन्हाळ्यात हिरवा संपला की मात्र तो दीड किलो परत चढवते.

खुराक मी घरीच करते. शंभर किलोला मक्याचा भरडा ३२, सरकी पेंड २५, शेंगदाणा पेंड १८, गव्हाचा भुसा १२, तूर चुणी १०, खनिज मिश्रण २ आणि मीठ १. प्रथिनाचा ताळा असा घ्यायचा: मक्यात ९ टक्के, म्हणजे ३२ किलोत २.९ किलो. सरकी पेंडीत २२, म्हणजे ५.५. शेंगदाणा पेंडीत ४२, म्हणजे साडेसात. भुशात १४, म्हणजे १.७. चुणीत १६, म्हणजे १.६. बेरीज १९ किलोच्या वर. शंभर किलोत १९ म्हणजे १९ टक्के, पोत्यावरच्या विसाला लागून. शेंगदाणा पेंड महागली तर सरकी वाढवा, पण प्रत्येक बदलाला ही बेरीज परत करा. वही गोठ्यातच ठेवा, घरात ठेवलेली वही कुणी उघडत नाही.

लसूणघास ओला आणि उपाशी पोटी घालू नका, पोट फुगतं. आधी कडबा, मग लसूणघास, तोही कापून चार तास सुकवलेला. आणि कोवळी ज्वारी, विशेषतः पाण्याचा ताण बसलेली खुरटी किंवा कापणीनंतरचे फुटवे, यावर जनावर सोडू नका. किराळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष चढतं, आणि डॉक्टर येईपर्यंत जनावर हाती लागत नाही. फुलोऱ्यात आल्यावर कापा.

वाढं, चुना आणि कॅल्शियम

कारखाने सुरू झाले की आमच्याकडे चार-पाच महिने वाढंच वाढं. स्वस्त, हिरवं, जनावर आवडीने खातं. पण वाढ्यात ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियमला बांधून शेणावाटे बाहेर घेऊन जातं. २०१९ च्या उन्हाळ्यात तालुक्यात चारा छावण्या होत्या. छावणीत ऊस आणि वाढं यावर जगलेली आमची जनावरं परत आली तेव्हा जिवंत होती याचंच समाधान होतं. पण दोन गाई पुढे सात महिने माजावर आल्या नाहीत. हाडं वर आली होती, केस राठ झाले होते.

वाढं वैरणीच्या निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. रात्री कळीचा चुना भरपूर पाण्यात भिजवा, सकाळी वरची निवळी तेवढी ओतून घ्या आणि वाढ्याच्या कुट्टीवर शिंपडा. खालचा गाळ नको. सोबत मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण, वासराला २० ते २५. वरच्या खुराकात ते आहेच, शिवाय वेगळं घालायचं नाही; बाजारची पेंड असेल तर मात्र चिठ्ठी बघून ठरवा. जनावर चिंध्या, हाडं, चप्पल चघळायला लागलं तर बहुतेक फॉस्फरस कमी पडलाय. त्याला मारून उपयोग नाही.

वेगळं घालायची वेळ आली तर खनिज मिश्रण मोजायला मी आयुर्वेदिक चूर्णाच्या डबीचं झाकण वापरते. एकदा किराणा दुकानात मोजून घेतलं, सपाट भरलं की २५ ग्रॅम. दोन झाकणं एका गाईची.

कॅल्शियमबद्दल एक गैरसमज मात्र मला महागात पडला. चांदीची आई तिसऱ्यांदा व्यायच्या आधी महिनाभर मी तिला कॅल्शियमची बाटली पाजत होते, व्यायल्यावर बसू नये म्हणून. ती व्यायली आणि त्याच रात्री बसली. मान वळवून कुशीवर ठेवलेली, कान गार, डोळे निस्तेज. डॉक्टरांनी शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं आणि तासाभरात ती उभी राहिली. तिथेच त्यांनी समजावलं. दहा लिटर चिकात, म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या दुधात, वीस ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं, आणि गाईच्या सगळ्या रक्तात एका वेळी असतं जेमतेम तीन ग्रॅम. उरलेलं तिला हाडातून ओढून काढावं लागतं. व्यायच्या आधी आयतं मिळत राहिलं की हाडातून काढायची सवय सुटते, आणि नेमकं गरजेच्या रात्री ते दार लवकर उघडत नाही. म्हणून व्यायच्या आधीचे तीन आठवडे कॅल्शियमची बाटली बंद. व्यायल्यावर द्या, डॉक्टरांना विचारून.

व्यायच्या आधी, नंतर आणि वासरू

व्यायला दोन महिने राहिले की गाय आटवा, दूध कितीही येत असलं तरी. या काळात पोटातलं वासरू सर्वात जास्त वाढतं. तेव्हा एक ते दीड किलो खुराक जास्तीचा द्यायचा, हळूहळू चढवत. गाईला फार लठ्ठ करू नका, व्यायला त्रास होतो. व्यायल्यावर दुधाच्या पुढे अर्धा किलो खुराक ठेवत जायचं: आज दहा लिटर देत असेल तर सव्वाअकराचा घालायचा. दूध वाढत राहिलं तर तसंच चढवा, थांबलं तर खुराकही तिथेच थांबवा.

वासराला चीक पहिल्या दोन तासांत, वजनाच्या एक दशांश. तीस किलोच्या वासराला तीन लिटर, दिवसभरात विभागून, पण पहिला हप्ता लगेच. चिकातली रोगप्रतिकारशक्ती आतड्यातून रक्तात जाते ती पहिल्या चोवीस तासांतच, आणि दर तासाला ते दार बारीक होत जातं. जार पडेपर्यंत वासराला पाजू नये असं आत्याबाई म्हणायच्या. मी त्यांचं बाकी सगळं ऐकलं, हे ऐकलं नाही. वासरू पिऊ लागलं की उलट जार पडायला मदतच होते.

शेळ्यांचं थोडक्यात. बोकड दाखवण्याआधी दोन-तीन आठवडे शेळीला रोज २०० ते २५० ग्रॅम मका किंवा बाजरी जास्तीची द्या. जुळ्यांची शक्यता वाढते.

पाणी विसरू नका. गाईच्या दुधात ८७ टक्के पाणीच आहे. बारा लिटर देणारी गाय दिवसाला साठ-सत्तर लिटर पिते, उन्हाळ्यात आणखी. दिवसातून दोनदा बादली दाखवण्यापेक्षा हौद भरलेला ठेवा आणि आठवड्यातून एकदा घासून शेवाळ काढा. शेवाळलेलं पाणी गाय हुंगते आणि तोंड फिरवते.

बदल करताना

कोठीपोटातले सूक्ष्मजीव नवीन खाण्याला एका रात्रीत सरावत नाहीत. पेंडीची कंपनी बदलायची असो, कडब्यावरून हिरव्यावर यायचं असो, दहा ते चौदा दिवस लावा. पहिले चार दिवस नवीन पाव हिस्सा, पुढचे चार दिवस निम्मा, मग पाऊण. लग्नातला उरलेला भात, पोळ्या, बुंदी गाईला घालू नका. पुण्य वाटतं, पण सहा-सात किलो शिजलेला भात एका वेळी कोठीपोटात गेला की ते आंबून फुगतं, आणि दुसऱ्या दिवशी गाय खाली बसलेली असते. असं जनावर दिसलं तर घरगुती उपायात रात्र घालवू नका. त्याच वेळी फोन करा, आणि डॉक्टरांना काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि अंदाजे किती किलो, हे तिन्ही सांगा.